खटला नाही, सुटकाही नाही

पुण्याच्या दैनिकांत आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी चौकट येते. अमुक भागातला सराईत ‘एमपीडीए’ कायद्याखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध, रवानगी येरवड्याला, नाहीतर नागपूर किंवा अमरावतीच्या कारागृहात. बातमीत पोलिस आयुक्त असतात, जुन्या गुन्ह्यांचा आकडा असतो, पोलिस ठाण्याचं नाव असतं. न्यायाधीश मात्र नसतो. त्यात बातमीदाराची चूक काही नाही. या सगळ्या व्यवहारात न्यायाधीशाचं कामच पडत नाही. माणसाने काय केलं हे सिद्ध करायचं नसतं. तो पुढे काय करील याबद्दल आयुक्तांची खात्री पटली, की पुरे होतं.

खटल्याविना कैद म्हटलं की आपल्याला क्यूबाच्या किनाऱ्यावरचा ग्वांतानामोचा अमेरिकी लष्करी तुरुंग आठवतो. नारंगी कपडे, काटेरी तारा, वीस वर्षं आरोपाविना. आपल्याकडे असला तुरुंग नाही, असं म्हणून आपण पान उलटतो. खरं तर या विषयात पुण्याचा अनुभव ग्वांतानामोपेक्षा शंभर वर्षांनी जुना आहे, आणि तो नीट चाळला तर एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. ज्यांनी ही कैद स्वतः भोगली, त्यांनीच सत्तेवर आल्यावर तिची किल्ली जपून ठेवली.

सुरुवात नातू बंधूंपासून करावी लागते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी सापडेनात, तेव्हा सरकारने जुलैच्या अखेरीस दोन वेगळ्या वाटांनी हात चालवला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. बाळासाहेब आणि तात्यासाहेब या सरदार नातू बंधूंना मात्र १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ खाली उचललं. हे रेग्युलेशन कंपनी सरकारच्या काळातलं. राज्याच्या सुरक्षेचं कारण दिलं की कोणालाही आरोपपत्राशिवाय, मुदतीशिवाय ‘राजकैदी’ म्हणून ठेवता येई. प्लेगच्या झडत्यांतल्या अत्याचारांविरुद्ध तक्रारी करणाऱ्यांत नातू पुढे होते, आणि सरकारच्या डोळ्यांत तेवढं पुरेसं होतं. १८१७ साली शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लावणारे बाळाजीपंत नातू याच घराण्यातले. घराण्याची ती पुण्याईही कामी आली नाही.

पुढचा क्रम पाहा. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. ते सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदतीआधीच सुटले. दामोदर चापेकर पकडले गेले, त्यांच्यावर खटला चालला आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात त्यांना फाशी झाली. म्हणजे खून कोणी केला हे सरकारला कळलं होतं आणि ज्याच्यावर राजद्रोह शाबीत झाला तो घरी आला होता, तरी ज्यांच्यावर कधी कसलाच आरोप ठेवला नव्हता ते नातू १८९९ उजाडलं तरी बंधनातच होते. दोषी ठरलेल्या माणसाच्या शिक्षेला निदान शेवटची तारीख असते. या दोघांच्या कैदेला ती नव्हती, कारण त्यांना शिक्षाच झाली नव्हती. लंडनच्या पार्लमेंटात यावर प्रश्न विचारले गेले. डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीला शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसने बंगाल, मद्रास आणि मुंबईच्या अशा तिन्ही रेग्युलेशनांविरुद्ध ठराव केला. खटल्याविना कैदेविरुद्ध कायदेकर्त्यांकडे गाऱ्हाणं घेऊन जाण्याची आपली परंपरा निदान तेवढी जुनी आहे.

त्या ठरावानंतरही १८२७ चा कागद जिवंत राहिला. मे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात कराडी गावी गांधींना मध्यरात्री उठवून अटक केली, ती याच रेग्युलेशनखाली, आणि आणलं येरवड्याला. १९२२ साली त्यांच्यावर अहमदाबादेत खटला चालवून सरकारने धडा घेतला होता. आरोपीच्या पिंजऱ्यातून गांधी काय बोलतात हे साऱ्या जगाने ऐकलं होतं. १९३० मध्ये पिंजराही नको आणि बोलणंही नको. जानेवारी १९३२ मध्ये पुन्हा तेच झालं, आणि त्या वेळी येरवड्यात त्यांच्या सोबतीला वल्लभभाई पटेल होते.

मुदतवाढीने कैद कशी बेमुदत होते हे पाहायचं तर सावरकरांची रत्नागिरी पाहावी. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्यातून त्यांची सुटका झाली ती दोन अटींवर: जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचं नाही. मुदत पाच वर्षांची. पाच वर्षं संपली की ती वाढे, वाढीव मुदत संपली की पुन्हा वाढे. मुंबई प्रांतात नवं मंत्रिमंडळ आल्यावर मे १९३७ मध्ये ही स्थानबद्धता सुटली. पाचाची तेरा झाली होती.

लष्करी तुरुंगच हवा असेल तर तोही आपल्याकडे होता. अहमदनगरचा भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यातला, आजही तसाच आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीला तिथे कोंडलं. नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, पंत, कृपलानी आणि आपल्या भागातले शंकरराव देव. किती दिवस, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. खटला चालवण्याचा विचारही नव्हता. इकडे पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये गांधींना ठेवलं होतं. तिथे सहाव्या दिवशी महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. कस्तुरबांवरही कसला आरोप नव्हता.

त्या काळातलं केशव तळपदे प्रकरण मराठी माणसांनी विसरायला नको होतं. मुंबईचे तळपदे भारत संरक्षण नियमांतल्या नियम २६ खाली स्थानबद्ध होते. २२ एप्रिल १९४३ रोजी सर मॉरिस ग्वायर यांच्या फेडरल कोर्टाने तो नियमच बेकायदा ठरवला: मूळ कायद्याने दिलेल्या अधिकारापलीकडे नियम गेला होता. युद्ध ऐन भरात असताना गोऱ्या सरन्यायाधीशाने गोऱ्या सरकारला हे ऐकवलं. आठवड्याभरात व्हाइसरॉयने वटहुकूम काढून नियम मागच्या तारखेपासून दुरुस्त करून टाकला. न्यायालयाने दार उघडायचं आणि सरकारने वटहुकुमाने ते लावायचं, ही रीत पुढेही चालू राहिली.

मग स्वराज्य आलं. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली, आणि महिन्याभरात संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा मंजूर केला. विधेयक मांडणारे गृहमंत्री होते वल्लभभाई पटेल. येरवडा आणि नगरचा किल्ला दोन्ही पाहिलेले. रात्री झोप लागली नाही, असं त्यांनी संसदेत सांगितलं आणि विधेयक मांडलं. मला त्या न लागलेल्या झोपेबद्दल शंका नाही. पण कायदा एका वर्षासाठी म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत १९६९ च्या अखेरपर्यंत राहिला. रत्नागिरीचं गणित पुन्हा तेच.

घटनेतच याला जागा करून ठेवली होती. अनुच्छेद २२ अटकेतल्या माणसाला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची आणि वकील देण्याची हमी देतो, आणि लगेच पुढे सांगतो की प्रतिबंधक स्थानबद्धाला ही हमी नाही. कारणं कळवायची, निवेदन करू द्यायचं, आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं तर सल्लागार मंडळाचं मत घ्यायचं, एवढंच बंधन. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये हा मजकूर घटना समितीपुढे ठेवला तो, ‘योग्य कायदेशीर प्रक्रिये’ची हमी गाळल्याची थोडी भरपाई म्हणून. शांततेच्या काळात खटल्याविना कैद घटनेत लिहून ठेवणाऱ्या लोकशाह्या जगात फार नाहीत.

१९५० ते १९७५ या काळाबद्दल फार लांबवत नाही, पण प्रभाकर संझगिरींची हकिगत सांगायला हवी. मुंबईचे हे कम्युनिस्ट नेते भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. तुरुंगात त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक मराठीत लिहिलं आणि हस्तलिखित बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. राज्य सरकारने नाही म्हटलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरल्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९६५ मध्ये तिथेही हरलं. अणुकेंद्राच्या रचनेमुळे महाराष्ट्राच्या सुरक्षेला कोणता धोका होता, हे त्या निकालातूनही कळत नाही.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. १९६९ च्या अखेरीस जुना कायदा संपला आणि ‘मिसा’ हा अंतर्गत सुरक्षा कायदा मे १९७१ मध्ये आला. मधल्या सव्वा वर्षात देशात केंद्राचा असा सर्वसाधारण कायदा नव्हता. तरी देश चालला.

आणीबाणीत ‘मिसा’ने काय केलं ते पुण्यातल्या अनेक घरांना सांगावं लागत नाही. येरवड्यात संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस होते, समाजवादी होते, आणि काल-परवापर्यंत एकमेकांशी न बोलणारे होते. शहा आयोगाच्या हिशेबाने देशभरात सुमारे पस्तीस हजार माणसं ‘मिसा’खाली आत होती. अटकेची कारणं सांगण्याचीही गरज नाही, अशी दुरुस्ती झाली होती. नऊ उच्च न्यायालयांनी तरीही म्हटलं की आदेश कायद्यानुसार आहे की नाही हे आम्ही तपासू शकतो. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी त्यांना खोटं पाडलं. तो एक म्हणजे न्या. हंसराज खन्ना. चारांमध्ये एक होते न्या. यशवंत चंद्रचूड, पुण्यात जन्मलेले आणि इथल्या आयएलएस लॉ कॉलेजात शिकलेले. स्थानबद्धांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत होते व्ही. एम. तारकुंडे, जन्म सासवडचा. पुणे जिल्हा या खटल्यात दोन्ही बाजूंना हजर होता. तो निकाल ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणाच्या खटल्यात रद्द ठरला, आणि तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. ही गोष्ट व्याख्यानांत नेहमी रंगवून सांगितली जाते. त्यामुळे तिच्यानंतरची, जास्त महत्त्वाची गोष्ट झाकली जाते.

ती अशी. १९७७ मध्ये ‘मिसा’तून सुटलेली माणसं सत्तेवर आली. त्यांनी ‘मिसा’ रद्द केला, आणि १९७८ च्या अखेरीस संसदेने चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिच्या कलम ३ ने अनुच्छेद २२ बदलला: तीन महिन्यांची मुदत दोनवर आणली, सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने बनेल असं ठरवलं, अध्यक्ष उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायमूर्तीच हवा असं म्हटलं, आणि मंडळाला वगळून माणसाला आत ठेवण्याची पळवाट बुजवली. एप्रिल १९७९ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. पण दुरुस्तीची कलमं केंद्र सरकार अधिसूचना काढील त्या तारखेपासून लागू होणार होती. बाकीची कलमं त्याच वर्षी लागू झाली. कलम ३ ची अधिसूचना जनता सरकारने काढली नाही, त्यानंतरच्या काँग्रेसने काढली नाही, तिसऱ्या आघाडीने नाही, भाजपने नाही. चार दशकं उलटून गेली. संसदेने दोन तृतीयांश बहुमताने बदललेली घटना एका सहीअभावी कपाटात पडून आहे.

हा प्रश्न न्यायालयात गेला होता. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला आणि त्याखाली धनबादचे खासदार ए. के. रॉय यांना स्थानबद्ध केलं. डिसेंबर १९८१ मध्ये निकाल आला: न्यायालय सरकारला अधिसूचना काढण्याचा आदेश देऊ शकत नाही. बहुमताचा निकाल लिहिला सरन्यायाधीश चंद्रचूडांनी. या मुद्द्यावर वेगळं मत दिलं न्या. ए. सी. गुप्ता आणि न्या. व्ही. डी. तुळजापूरकर यांनी. १९७६ चा निकाल उलटला; १९८१ चा हा मुद्दा तसाच उभा आहे, आणि त्याच्यावर फारसं कोणी बोलत नाही.

इथे अमेरिकेशी तुलना खरी उपयोगाची आहे. ग्वांतानामोत जानेवारी २००२ पासून सुमारे ७८० माणसं ठेवली गेली. २०२५ च्या सुरुवातीला पंधरा उरली होती. २००८ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना हेबियस कॉर्पसचा हक्क दिला. जानेवारी २००९ मध्ये ओबामांनी वर्षभरात तुरुंग बंद करण्याचा आदेश काढला. तो अडला कायदेमंडळात: कैद्यांना अमेरिकेच्या भूमीवर आणायला पैसा वापरायचा नाही, असं बंधन संरक्षण खर्चाच्या कायद्यांत वर्षामागून वर्ष घातलं गेलं. तिथे सरकारला बंद करायचं होतं आणि कायदेकर्त्यांनी अडवलं. आपल्याकडे कायदेकर्त्यांनी लगाम मंजूर केला आणि सरकारने तो घातलाच नाही. त्यामुळे तिथल्या नागरिकांना आपल्या खासदारांची मनं वळवावी लागतात. आपल्या खासदारांना मन वळवून घ्यायचीही गरज नाही. त्यांच्याच सभागृहाने केलेलं काम पूर्ण करा, एवढंच त्यांनी विचारायचं आहे.

आता पुन्हा पुण्यातल्या चौकटीकडे. ‘एमपीडीए’ हा महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा. त्याच्या मराठी नावात सुरुवातीला झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार एवढेच होते. १९९६ मध्ये ‘धोकादायक व्यक्ती’ आल्या. नंतर व्हिडिओ पायरेट्स, वाळू तस्कर, काळाबाजारवाले. दर काही वर्षांनी रेल्वेला डबा जोडावा तसं नाव लांबत गेलं. यातला ‘धोकादायक व्यक्ती’ हा डबा सगळ्यांत प्रशस्त आहे.

कामाची रीत ठरलेली आहे. पोलिस ठाणं प्रस्ताव करतं. त्यात अलीकडचे एक-दोन गुन्हे आणि सोबत दोन गोपनीय जबाब. साक्षीदाराचं नाव, पत्ता, घटनेची नेमकी तारीख झाकलेली. आयुक्त आदेश काढतात, राज्य सरकार बारा दिवसांत मंजुरी देतं, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं. मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. झाकलेल्या नावाच्या, झाकलेल्या तारखेच्या साक्षीला उत्तर द्यायचं ते दहावी नापास मुलाने, एकट्याने. मुंबई उच्च न्यायालय असे आदेश सातत्याने रद्द करतं, आणि कारणंही तीच तीच असतात: जुने शिळे गुन्हे, न पडताळलेले जबाब, निवेदनावर निर्णयाला उशीर, आणि ‘कायदा व सुव्यवस्था’ बिघडणं म्हणजे ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ धोक्यात येणं नव्हे हे विसरणं. हा शेवटचा फरक सर्वोच्च न्यायालयाने राममनोहर लोहियांच्या खटल्यात १९६५ मध्येच सांगितला होता. पण याचिका सुनावणीला येईपर्यंत वर्षातले बरेच महिने गेलेले असतात. आदेश बेकायदा ठरतो, कैद मात्र भोगून झालेली असते. भरपाई नाही, आदेश काढणाऱ्याला जाबही नाही.

दुसरी बाजू मी टाळत नाही. कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या टोळ्यांनी ज्या वस्तीला रात्री जागवलं आहे, तिथल्या माणसाला ही चौकट वाचून हायसं वाटतं. साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही, हे पोलिसांचं म्हणणंही खोटं नाही. पण तडीपारी आहे, मोक्का आहे, जामिनाला विरोध करता येतो, साक्षीदारांना संरक्षण देता येतं. हे सगळं कष्टाचं आहे आणि स्थानबद्धता सोपी आहे. माझ्या मते पोलिस तिच्याकडे वळतात ते मुख्यतः याच कारणाने, आणि वर्षाने तोच पोरगा त्याच गल्लीत परत येतो, तेव्हा त्याच्यावरचा मूळ खटला तिथेच उभा असतो.

‘यूएपीए’ या केंद्राच्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती जास्त गंभीर. तिथे खटला आहे, निदान कागदावर. पण २००८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ४३ड सांगतं की आरोपपत्राला १८० दिवस लागू शकतात, आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर न्यायालयाने जामीन देऊच नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालाने तो दरवाजा आणखी घट्ट केला. मग खटला लांबला की आरोपीच आत वाट पाहतो.

याचं उदाहरण पुण्याचंच. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला हिंसाचार झाला. जून आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी देशभरातून वकील, लेखक, प्राध्यापकांना अटक केली. सुधा भारद्वाज येरवड्यातल्या फाशी यार्डात होत्या आणि तिथल्या बायकांवर त्यांनी नंतर पुस्तकच लिहिलं. जानेवारी २०२० मध्ये तपास केंद्राच्या राष्ट्रीय तपास संस्थेकडे (एनआयए) गेला. त्यानंतर अटक झालेले फादर स्टॅन स्वामी, वय चौऱ्याऐंशी, कंपवाताने हात थरथरणारे, ५ जुलै २०२१ ला जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच गेले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जामीन दिला, तेव्हा त्यांच्या कोठडीला साडेसहा वर्षं झाली होती, साक्षीदारांची यादी तीनशेच्या वर होती आणि आरोप निश्चितीही झालेली नव्हती. हे सगळे दोषी आहेत की निर्दोष, हे मला माहीत नाही. साडेसहा वर्षांत ते न्यायालयालाही सांगता आलं नाही, माझा आक्षेप एवढाच आहे. टिळकांच्या १८९७ च्या खटल्याला अटकेपासून निकालापर्यंत दोन महिनेही लागले नव्हते.

कायदेकर्त्यांना सांगून काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी १९९५ आहे. ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली तोवर पंचाहत्तर हजारांच्या आसपास माणसं पकडली गेली होती आणि दोषसिद्धी शेकडा दोनच्याही खाली होती. फेब्रुवारीत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी प्रत्येक खासदाराला पत्र लिहिलं: मुदतवाढ देऊ नका. मे महिन्यात कायद्याची मुदत संपली आणि ती वाढली नाही. आधीच पकडलेल्यांचे खटले चालूच राहिले, पुढे तसाच ‘पोटा’ आला, तो २००४ मध्ये गेला तेव्हा त्याच्यातला बराचसा भाग ‘यूएपीए’त उतरला. तरीही एका पत्राने सभागृह हललं होतं.

महाराष्ट्राच्या सभागृहाकडे पाहताना मात्र जरा गोंधळायला होतं. आणीबाणीतल्या बंदिवानांना राज्य २०१८ पासून मानधन देतं. मधल्या सरकारने ते थांबवलं, पुढच्याने सुरू केलं, आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ते दुप्पट केलं. खटल्याविना कैद हा अन्याय होता, याची ही सरकारी कबुलीच. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. संयुक्त समितीकडे आलेल्या बारा हजारांवर हरकती-सूचनांमधून थोडे बदल झाले, पण संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारकडेच राहिला आणि गुन्हे अजामीनपात्रच राहिले. उद्याच्या मानधनाची यादी आजच तयार होते आहे की काय, असं कुणी विचारलं तर उत्तर काय द्यायचं?

मागायचं ते फार नाही. केंद्राने कलम ३ ची अधिसूचना काढावी. ४३ड मध्ये एवढी भर घालावी की ठरलेल्या मुदतीत आरोप निश्चिती झाली नाही तर जामिनाची बंदी आपोआप उठेल. राज्याने ‘एमपीडीए’त मंडळापुढे वकिलाला जागा द्यावी आणि रद्द झालेल्या आदेशाला भरपाई ठरवावी, यासाठी दिल्लीची परवानगी कशाला हवी? आणि तेवढंही जमणार नसेल, तर पुण्याच्या आठ आमदारांपैकी एकाने पुढच्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न टाकावा: गेल्या पाच वर्षांत पुणे शहरात स्थानबद्धतेचे किती आदेश निघाले, सल्लागार मंडळाने किती फेटाळले, उच्च न्यायालयाने किती रद्द केले, आणि रद्द झालेल्या प्रत्येक आदेशातला माणूस तोवर किती दिवस आत होता.